बारशाआधी गेलेले बाळ



२ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण दफनभूमीत एकत्र जमतो. कबरी झाडल्या जातात, झेंडूची फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात. गेल्या वर्षी कबरींना आशीर्वाद देत फिरत असताना कुंपणाच्या कडेला एक आजी बसलेल्या दिसल्या. त्यांच्यापुढे क्रूस नव्हता, दगड नव्हता, फक्त गवत काढून साफ केलेली हातभर जमीन होती. मी थांबलो. आजी म्हणाल्या, "माझ्या पयल्या लेकराची जागा हाय फादर. पाच दिसाचं व्हतं. नाव ठिवायचं ऱ्हाऊन गेलं." किती वर्षे झाली असे विचारले, तर म्हणाल्या, "बावन्न."

काय नाव ठेवणार होता, असे मी सहज विचारले. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता नाव सांगितले. बावन्न वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

आपल्याकडे बारशाआधी बाळ गेले की ते जणू आलेच नव्हते असे वागण्याची रीत आहे. आईला दफनभूमीत नेत नाहीत. तिच्यासमोर बाळाचा विषय काढत नाहीत. शेजारणी येतात आणि "अजून वय आहे, दुसरं होईल" म्हणून जातात. यामागे दुष्टपणा नसतो, माया असते. पण आजींची ती हातभर जमीन पाहिल्यापासून ही माया पुरेशी आहे का, हा प्रश्न मला सोडत नाही. म्हणून आजच्या अभ्यासलेखासाठी जरा अवघड विषय घेतला आहे: जी बाळे जगणार नाहीत किंवा फार थोडे जगतील, असे जन्माआधी अथवा जन्मानंतर लगेच कळते, त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची सेवा. वैद्यकशास्त्रात तिला नवजात बाळांची पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

प्रथम एक कबुली द्यायला हवी. गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. रात्री एका रुग्णालयातून बोलावणे आले. बाळाला दोन्ही मूत्रपिंडे नव्हती, फुफ्फुसे वाढलेली नव्हती. डॉक्टरांनी वडिलांना व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितले होते आणि आईला कोणीच काही सांगितले नव्हते. मी काचेच्या पेटीत हात घालून बाळाला बाप्तिस्मा दिला, मग आईच्या खाटेपाशी गेलो आणि म्हणालो, देवाला बागेतली चांगली फुले हवी असतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला मनुष्य हे बोलला! त्या माऊलीने भिंतीकडे तोंड फिरवले. माझे काम झाले असे समजून मी निघालो. दारातून वळून पाहिले तेव्हा पाळीवरची परिचारिका बाळाला पेटीतून काढून आईच्या छातीवर ठेवत होती. बाळाच्या नळ्या सांभाळत तिने आईला पदर घ्यायला मदत केली, वडिलांना स्टूल दिले आणि पडदा ओढून घेतला. ती आपल्या धर्माची नव्हती. पॅलिएटिव्ह केअर हा शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हता. तिलाही बहुधा नसावा.

हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला तो म्हणजे पॅलिअम, अर्थात अंगावरचा झगा, पांघरूण. आर्चबिशपांच्या खांद्यावर लोकरीची पांढरी पट्टी असते, तिलाही पॅलिअमच म्हणतात. मराठीत मात्र 'पांघरूण घालणे' म्हणजे एखाद्याची चूक झाकणे, त्यामुळे हा अर्थ समजावून सांगताना माझी पंचाईत होते. येथे झाकायचे काहीच नाही. कुडकुडणाऱ्याच्या अंगावर घोंगडे टाकले म्हणून थंडी सरत नाही, पण रात्र निभावते, तसा हा प्रकार आहे. आजार बरा होणार नाही हे मान्य करायचे, आणि वेदना, धाप, भूक, भीती आणि एकटेपणा यांच्यावर मात्र होईल तेवढा इलाज करायचा.

ही बाळे कोणती? मेंदू व कवटी पूर्ण न बनलेली. मूत्रपिंडे नसलेली. तेराव्या किंवा अठराव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असलेली. हृदयाची एक बाजू वाढलीच नाही अशी. तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्यातच जन्मलेली काही. आणि जन्माच्या वेळी प्राणवायू न मिळाल्याने ज्यांच्या मेंदूला फार मोठी इजा झाली अशी. या सगळ्यांचे आयुष्य एकसारखे नसते. कोणी तासभर जगते, कोणी महिनाभर. अठराव्या गुणसूत्राचा दोष असलेली बहुतेक बाळे पहिला वाढदिवस पाहत नाहीत, परंतु काही पाहतात आणि त्यापुढेही जातात. त्यामुळे शहाणे डॉक्टर घड्याळ लावून सांगत नाहीत आणि आपणही त्यांच्याकडून तारीख मागू नये.

"एवढ्याशा जिवाला काय कळतंय" असे आपण म्हणतो. एके काळी डॉक्टरही तेच म्हणत. १९८० च्या दशकापर्यंत पुढारलेल्या देशांतही नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुष्कळदा पुरेशा वेदनाशामकाविना केल्या जात. हा समज मोडून काढणाऱ्यांत आपल्याच देशातले एक डॉक्टर होते. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले की शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर कमी ताण पडतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. बाळाला दुखते, ते सांगू शकत नाही इतकेच. आज सुई टोचण्यापूर्वी जिभेवर साखरपाण्याचे थेंब देतात, बाळाला गुंडाळून धरतात, आईच्या अंगावर पाजत ठेवतात, आणि दुखणे मोठे असेल तर मॉर्फिन मोजून देतात. (साखरपाणी परिचारिका देतील. घरी कोणी मध चाटवू नये, तान्ह्या बाळाला मध घातक ठरू शकतो.) मॉर्फिन मिळणे आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे फार कठीण होऊन बसले होते, २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ मोकळी झाली.

महाराष्ट्रात या कामाची मुळे शोधू लागलो की मुंबईच्या सायन रुग्णालयापाशी येऊन थांबावे लागते. तेथे नवजात विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस होत्या, पुढे त्या त्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. धारावी आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधली बाळे जंतुसंसर्गाने जात होती. त्यांनी बाटली आणि पावडरचे दूध बंद केले, आयांना विभागात आत घेतले, आणि ऑक्सफर्डला पाहिलेल्या दुग्धपेढीवरून १९८९ साली सायनला मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. आई ही काचेबाहेरून पाहणारी पाहुणी नसून उपचार करणाऱ्यांपैकी एक आहे, हा विचार तेथे रुजला. पुढे स्वतःची मुलगी कर्करोगाने गेल्यावर त्याच बाईंनी वांद्र्याला मुलीच्या नावाने 'रोमिला पॅलिएटिव्ह केअर' हे केंद्र उभे केले. अर्धे आयुष्य बाळे वाचवण्यात घालवलेली डॉक्टर शेवटी वाचू न शकणाऱ्यांकडे वळली, आणि मला या दोन कामांत विरोध दिसत नाही.

याच सायन रुग्णालयात आणि जव्हारच्या आदिवासी भागात २०१० पासून मुलांच्या पॅलिएटिव्ह सेवेचा प्रकल्प चालवला गेला. केरळने २००८ साली आणि महाराष्ट्राने २०१२ साली पॅलिएटिव्ह सेवेचे धोरण आखले. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सर्व देशांना सांगितले की ही सेवा वयाच्या प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे तान्ह्या बाळालाही, मिळायला हवी. जगाच्या पातळीवर पाहिले तर मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस इंग्लंडात, ऑक्सफर्डलाच, १९८२ साली निघाले. 'हेलन हाऊस' हे त्याचे नाव, आणि ते स्थापन करणाऱ्या सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या अँग्लिकन व्रतस्थ.

आता हे काम प्रत्यक्षात चालते कसे ते पाहू. मुख्य गोष्ट अशी की ते एकट्या डॉक्टरचे नव्हे. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टर, बाळांचे डॉक्टर, परिचारिका, समाजसेविका, समुपदेशक आणि कुटुंबाला हवा असेल तर धर्मगुरू, असे सगळे एका ठिकाणी बसून बोलतात. कारण आपल्याकडे नेमके उलटे घडते. सकाळचे डॉक्टर म्हणतात आशा नाही, रात्रीचे म्हणतात बघू या, मामा म्हणतो पुण्याला हलवू, फादर म्हणतात प्रार्थना करा, आणि खाटेवरच्या बाईला कोणाचे काय ऐकावे ते कळत नाही. गटाने आधी आपापसांत एकमत करायचे, मग एका खोलीत बसून, आई आणि वडील दोघांना एकत्र, सोप्या मराठीत सांगायचे. उभ्याने नाही, व्हरांड्यात नाही, आणि सासऱ्यांना किंवा भावाला आधी नाही. आई ओली बाळंतीण आहे, तिला धक्का बसेल, म्हणून तिला वगळतात. पण तिला कळतेच. सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून कळते, आणि मग ती एकटीच ते घेऊन बसते.

पुढची पायरी म्हणजे बाळंतपणाआधीच ठरवलेला आणि लिहून ठेवलेला आराखडा. बाळ जन्मल्यावर त्याला पुसून, टोपी घालून थेट आईच्या छातीवर द्यायचे का? घशात नळी घालायची का? दूध ओढता आले नाही तर वाटीने किंवा थेंबाथेंबाने पाजायचे का? धाप लागली तर कोणते औषध, किती? आजी-आजोबांना आत सोडायचे का? बाप्तिस्मा कोण देणार? बाळाच्या पावलांचा ठसा घ्यायचा का, फोटो काढायचा का? (फोटो काढू नये असे आपल्याकडे मानतात. ज्यांनी काढला त्यांच्यापैकी कोणीही मला पश्चात्ताप झाला असे सांगितलेले नाही.) आणि बाळ काही दिवस जगलेच तर घरी कसे न्यायचे, घरी कोणते औषध द्यायचे, रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा? आराखडा बदलता येतो. बाळाने अपेक्षेपेक्षा जोर धरला तर उपचार वाढवतात.

घरी नेलेल्या बाळाकडे आपली आशाताई येतेच. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. बाळ जगणार नाही असे कळले की या घरी जायचे तिलाही अवघड वाटते. तिला आत बोलवा, चहा द्या. न्यूयॉर्कमध्ये डॉ. एल्विरा पाराविचिनी यांनी अशा बाळांसाठी एक कार्यक्रम उभारला आहे. त्यांच्या पद्धतीचा गाभा पाहिला तर मोठे यंत्र एकही नाही. ऊब, जवळीक, भूक-तहान भागवणे आणि दुखणे थांबवणे, एवढेच. गडमुडशिंगीतल्या घरात यापैकी न जमण्यासारखे काय आहे?

येथे पवित्र शास्त्राकडे वळू. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय घरी उघडून वाचावा. दावीद राजाचे बाळ आजारी पडते. राजा जमिनीवर पडून राहतो, अन्न घेत नाही, घरचे वडीलधारे उठवतात तरी उठत नाही. सातव्या दिवशी बाळ मरण पावते. म्हणजे बहुधा आठव्या दिवसाच्या विधीआधीच. शास्त्राने त्या बाळाचे नाव दिलेले नाही. नोकर भितात, राजाला सांगायचे कोणी? ते कुजबुजतात. त्या कुजबुजीवरूनच दावीद ओळखतो आणि स्वतःच सरळ विचारतो. रुग्णालयाच्या व्हरांड्यातले सगळे चित्र त्या दोन ओळींत आहे.

या अध्यायात एक अवघड भागही आहे, तो मी टाळणार नाही. तेथे बाळाच्या मरणाचा संबंध दाविदाच्या पापाशी जोडलेला आहे. म्हणून अनेक आईबाप मनात म्हणतात, आमच्याही हातून काही घडले असेल. ग्रहण पाळले नाही, नवस फेडला नाही, सासूचे मन दुखावले. त्यांनी योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय शेजारी ठेवून वाचावा. जन्मांध मनुष्याविषयी शिष्य नेमका हाच प्रश्न विचारतात, आणि प्रभू येशू ते दोन्ही तर्क, त्याचे पाप व त्याच्या आईबापांचे पाप, सरळ नाकारतो. गुणसूत्राची एक प्रत जास्त पडली ती पेशींच्या विभाजनातली चूक होय. तिचा ग्रहणाशी काही संबंध नाही.

आता नीतीचा प्रश्न. कृत्रिम श्वासयंत्र लावायचे नाही असे ठरवणे म्हणजे बाळाला मारणे नव्हे काय? एका बापाने मला हा प्रश्न विचारला होता, आणि त्याला झोप लागत नव्हती. परमगुरू बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना साधारण उपाय व असाधारण उपाय असा भेद सांगितला: जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे कर्तव्य, पण भार फार आणि लाभ नगण्य अशा असाधारण उपायांची सक्ती नाही. धर्मशिक्षण ग्रंथाचे २२७८ व २२७९ हे परिच्छेद हीच शिकवण देतात. येथे हेतू मृत्यू घडवण्याचा नसतो, तो रोखण्याची ताकद आपल्याजवळ नाही हे मान्य केलेले असते. सुई टोचून जीव घेणे वेगळे, आणि ज्या यंत्राने बाळाचे मरण फक्त लांबेल ते न लावणे वेगळे. दूध, ऊब आणि स्वच्छता मात्र कधीच बंद करायची नाही, शरीर ते स्वीकारू शकते तोवर. मॉर्फिनचेही तसेच. दुखणे थांबवण्यासाठी योग्य मात्रेत दिलेले औषध निषिद्ध नाही, हेही त्याच परमगुरूंनी त्याच वर्षी स्पष्ट केले होते. २०२० साली रोमहून निघालेल्या 'समारितानुस बोनुस' या पत्रात जन्माआधीच्या व बालपणीच्या अशा आजारांवर वेगळा विभाग आहे. त्यात बाळाला टाकून देणे आणि बाळावर उपचारांचा भडिमार करणे, दोन्ही चुकीचे मानले आहे. श्वासयंत्र काढू न देणे म्हणजेच श्रद्धा, असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सोनोग्राफीत व्यंग दिसले की पहिला सल्ला गर्भपाताचा मिळतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने चोवीस आठवड्यांनंतरही कायदा त्याला परवानगी देतो. ख्रिस्तसभा तो मार्ग मान्य करीत नाही, हे आपण जाणता. दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये याच विषयावर रोममध्ये भरलेल्या परिषदेत डॉक्टरांशी आणि कुटुंबांशी बोलताना अशा बाळांच्या हॉस्पिसचा पुरस्कार केला. पण मला आपल्याला विचारायचे आहे ते साधे आहे. त्या बाईला 'नको' असे सांगणारे आपण, पुढचे चार महिने तिच्यासाठी काय करतो? कोण तिच्याबरोबर तपासणीला जाते? भरल्या पोटाने ती मिस्साला आली की "कितवा महिना?" असे हसून विचारणाऱ्यांपासून तिला कोण वाचवते?

संस्कारांविषयी बराच गोंधळ आढळतो म्हणून थोडे सांगतो. तान्ह्या बाळाला रुग्णाभ्यंग देत नाहीत, कारण तो संस्कार समज आलेल्यांसाठी आहे. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा असतो आणि मृत्यूचा धोका असेल तर विलंब न लावता द्यायचा असतो. धर्मगुरू पोचले तर ते अशा वेळी दृढीकरणही देऊ शकतात. फादर पोचत नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो: बाप, आजी, परिचारिका, अगदी ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा, ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा तिचा हेतू असला म्हणजे झाले. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतायचे, पेटीत असेल तर परिचारिकेकडून निर्जंतुक पाणी घ्यायचे, आणि बाळाचे नाव घेऊन पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो असे म्हणायचे. नंतर मला कळवायचे, नोंद मी करीन.

बाळ मृतच जन्मले तर बाप्तिस्मा देता येत नाही, संस्कार जिवंतांसाठी असतात. म्हणून ते बाळ देवाला दुरावले असे नाही. पूर्वी आजीआजोबा 'लिंबो' म्हणून सांगत. तो कधीही श्रद्धेचा सिद्धांत नव्हता, आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत असे विस्ताराने मांडले. आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा हेतू होता आणि बाळ त्याआधीच गेले, तर महागुरुस्वामींच्या परवानगीने त्याचा ख्रिस्ती अंत्यविधी करता येतो. ती परवानगी मागणे हे माझे काम आहे, त्यासाठी कोणी संकोच करू नये.

बाळ गेल्यानंतरच्या काही गोष्टी कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. आईला दूध येतेच. बाळ नाही हे शरीराला कळत नाही. छाती दाटते, ताप येतो, आणि ती लाजेने कोणाला सांगत नाही. तिला लगेच डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवावे. काही आयांना ते दूध दुग्धपेढीला द्यावेसे वाटते, काहींना नाही. दोन्ही ठीक. बाळ दहा मिनिटे जगले तरी जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद करावी, त्यासाठी एकवीस दिवसांची मुदत असते. ज्या भगिनी केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत त्यांना, बाळ जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच गेल्यास, साठ दिवसांची विशेष रजा मिळते, तसा आदेश सप्टेंबर २०२२ चा आहे. बाकीच्यांनी कार्यालयात विचारून घ्यावे. आणि वडिलांना कोणीतरी विचारावे. आमच्याकडे बाप दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत पाळीवर जातो आणि सगळे म्हणतात, किती खंबीर आहे.

येत्या रविवारपासून सॅक्रिस्टीत एक वही ठेवली आहे. ज्या कुटुंबातले बाळ जन्माआधी किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले, मग ते गेल्या महिन्यात असो वा पन्नास वर्षांपूर्वी, त्यांनी बाळाचे नाव आणि तारीख तिच्यात लिहावी. २८ डिसेंबरला, निष्पाप बालकांच्या सणाच्या मिस्सात, ती सर्व नावे मोठ्याने वाचली जातील. नाव ठेवले नसेल तर जे ठेवणार होता ते लिहा. तेही ठरले नसेल तर आईचे नाव लिहून पुढे 'यांचे बाळ' एवढेच लिहा. वहीतले पहिले नाव आजींनी स्वतः येऊन लिहिले आहे. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून अक्षर नातवाचे आहे.